कवितेची चौकशी

अमेरिकन कवी बिली कॉलिन्स यांची ‘इंट्रोडक्शन टू पोएट्री’ ही छोटी कविता त्यांच्या १९८८ सालच्या संग्रहात आहे. कॉलिन्स यांनी न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजात अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. २००१ ते २००३ या काळात ते अमेरिकेचे ‘पोएट लॉरिएट’ होते. कवितेत बोलणारा एक शिक्षक आहे. मुलांनी कवितेत मोकळेपणी वावरावे, तिचे रंग पाहावेत, तिला कान लावावा, एवढीच त्याची अपेक्षा. मुले मात्र तिला खुर्चीला जखडतात आणि मारझोड करून तिच्याकडून अर्थ कबूल करून घेऊ पाहतात, अशी त्याची तक्रार आहे.

गतवर्षी अवांतर वाचनाच्या तासाला आम्ही नववीच्या वर्गास या कवितेचा आशय मराठीतून सांगितला. हेतू साधा होता. दहावीला कवितेवरील प्रश्न ठरावीक मुद्द्यांनी येतो: कवीचे नाव, कवितेचा विषय, ओळींचा अर्थ, कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. मुले ‘गाइड’मधून उत्तरे पाठ करतात, कविता न वाचताही गुण मिळतात. हे आम्हांस खटकत होते.

खुर्चीचा प्रसंग सांगताच वर्ग हसला. आम्हीही हसलो. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी हसला नाही. प्रतिसाद लिहावयास सांगितला तेव्हा त्याने वहीत चारच वाक्ये लिहिली. त्याच्या अनुमतीने, नाव न देता, ती येथे देत आहोत: “सर, बांधून मारल्यावर माणूस खरे सांगत नाही. समोरच्याला जे पाहिजे ते सांगतो. माझ्या वडिलांनी न केलेली चोरी कबूल केली होती. कविता पण मग गाइडमधलेच सांगणार.”

हा विद्यार्थी ज्या जमातीतून आला, तिच्यावर इंग्रज सरकारने कायद्याने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला होता. पहिला कायदा १८७१ सालचा; स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. ही सने आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो व मुले उतरवून घेतात. शिक्का पुसला गेल्याचे त्या घरापर्यंत मात्र कोणी कळविलेले दिसत नाही.

कॉलिन्स यांची प्रतिमा विनोदी अतिशयोक्ती आहे, असे आम्ही शिकवीत होतो. या मुलाने ती शब्दशः घेतली आणि आमच्या नजरेतून निसटलेली गोष्ट दाखविली. कवितेवरील क्रौर्य आम्ही पाहिले. त्यातून मिळणारे उत्तर खोटे असते, हे त्याने पाहिले. शिवाय कवितेतला शिक्षक दोष मुलांना देतो. आमच्या वर्गात दोर पुरविणारे आम्हीच होतो.

कॉलिन्स यांनी पुढे शाळांसाठी ‘पोएट्री १८०’ हा उपक्रम काढला. तेथील शालेय वर्षाचे दिवस सुमारे १८०. रोज एक कविता मोठ्याने वाचावयाची, विश्लेषण नाही, प्रश्न नाहीत. त्या यादीतील पहिली कविता हीच आहे. त्या धर्तीवर आमच्या वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासापूर्वी एक कविता वाचली जाते: कधी नारायण सुर्वे, कधी दया पवार, कधी हिरा बनसोडे. मुद्द्यांची उत्तरे दिवसा चालूच आहेत. मार्चची परीक्षा कोणास चुकली आहे?

वाचनाची पाळी सर्वांवर येते. त्या विद्यार्थ्यावर आली की तो पुस्तक शेजाऱ्याकडे सरकवितो आणि शेवटपर्यंत ऐकत बसतो. कारण आम्ही विचारलेले नाही.