शाळेत आपत्ती आली तर नेमकं कोण काय करणार?

ज्यांना सिटीलिंकच्या गर्दीत हेडफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. दुपारचे साडेबारा वाजलेत. जिल्हा परिषदेची शाळा, पोषण आहाराची खिचडी शिजतेय आणि स्वयंपाकाच्या खोलीत गॅसचा वास सुटला. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेलेत. आता रेग्युलेटर कोण बंद करणार? घंटा कोण वाजवणार? मुलं बाहेर आल्यावर ती सगळी आली की नाही, हे कोण मोजणार? आणि फोन कोणाला करायचा?

आमच्या आयटीमध्ये रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर कोणाचा फोन वाजणार, हे आधीच ठरलेलं असतं. त्याने उचलला नाही तर पुढचा कोण, तेही लिहिलेलं असतं. एका वेबसाइटसाठी एवढं करतात, तर साठ मुलांच्या शाळेसाठी काय ठरलेलं असतं, हे आज बघू.

हे सगळं सुरू कुठून झालं?

१६ जुलै २००४. तमिळनाडूतलं कुंभकोणम. शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि ती वर्गांवरच्या गवती छपराला भिडली. ९४ मुलं गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि १३ एप्रिल २००९ ला निकाल आला. त्यात न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. आग विझवायची साधनं हवीत, इमारत नियमाप्रमाणे हवी आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही हवं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सिलिंडर भिंतीवर टांगला म्हणून आग विझत नाही. तो चालवणारा माणूस लागतो.

त्याआधी २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला होता. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे नियम आहेत. प्रश्न आहे तो नियम वर्गाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा.

नाशिकमध्ये असं काय होऊ शकतं?

पहिला अर्थात पूर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं शहर रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? ४ ऑगस्ट २०१९ चा मोठा पूर अनेकांना आठवत असेल. तो रविवार होता, शाळा बंद होत्या. पूर काही दरवेळी सुट्टीचा दिवस बघून येत नाही.

दुसरा भूकंप. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला, तेव्हा मुलं घरात झोपलेली होती. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागात छोटे धक्के अधूनमधून जाणवतात.

तिसरा बिबट्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाजवळच्या शाळांना हे समजावून सांगावं लागत नाही, आणि आता तर तो शहरातही येतो.

चौथी गर्दी. २७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थात नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून जास्त माणसं दगावली. २०२७ चे शाहीस्नानाचे दिवस २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला आहेत. म्हणजे ऐन शाळेचे महिने. रस्ते बंद असताना एखाद्या शाळेत काही झालं, तर बंब आणि ॲम्ब्युलन्स नेहमीच्या वेळेत पोहोचेल असं धरून चालता येणार नाही.

वरची साखळी: निरोप आणि मदत

आपल्याकडे अमेरिकेसारखा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नसतो. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग असतो. तिथे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली विस्तार अधिकारी, मग काही शाळांचा मिळून एक केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग वेगळा.

पण आपत्तीच्या वेळी जिल्ह्याची सूत्रं असतात जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष. अतिवृष्टीत 'उद्या शाळांना सुट्टी' हा आदेश त्यांच्या सहीने निघतो, तो म्हणूनच. त्यांच्या खाली तहसीलदार, तलाठी आणि गावात पोलीस पाटील.

म्हणजे साखळ्या दोन आहेत. मुख्याध्यापकांचा निरोप जातो केंद्रप्रमुखांकडून शिक्षण विभागात, आणि मदत येते तहसीलच्या साखळीतून. दोन्ही जिल्ह्याच्या पातळीवर जाऊन भेटतात. गावात पाणी शिरत असताना एवढा फेरा परवडत नाही. म्हणून शाळेच्या भिंतीवर दोन्हीकडचे नंबर हवेत: केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, तसेच पोलीस पाटील, तलाठी आणि तहसील कार्यालय. सोबत ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

अजून एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देता येत नाहीत, पण त्याला तीन अपवाद आहेत: जनगणना, निवडणूक आणि आपत्तीमधलं मदतकार्य. म्हणजे पुराच्या वेळी शाळेतले गुरुजी कायद्याने दुसरीकडे बोलावले जाऊ शकतात. शाळेची योजना करताना हे गृहीत धरलंच पाहिजे.

शाळेच्या आत: माणूस नाही, काम ठरवा

१९७० मध्ये कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले. नंतर तपासलं तेव्हा दिसलं, की खरी अडचण बंब कमी पडण्याची नव्हती. कोण कोणाचं ऐकणार, हेच ठरलेलं नव्हतं. त्यातून एक पद्धत तयार झाली. प्रसंगाचा प्रमुख एकच, बाकीच्यांना ठरलेली कामं आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच जण. भारतात हीच पद्धत २०१० मध्ये 'इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम' या नावाने आली.

शाळेपुरतं बोलायचं तर त्याची पाच कामं होतात.

१. प्रमुख: बाहेर जायचं की आत थांबायचं, हे ठरवणारा. हा पळापळ करत नाही. एका जागी उभा राहतो, म्हणजे सगळ्यांना सापडतो.

२. बाहेर काढणारा: वर्ग, स्वच्छतागृहं आणि स्टोअर रूम बघून 'रिकामं' असं सांगणारा. अपंग मुलांसोबत कोण जाणार, हे त्याच्या यादीत नावानिशी हवं.

३. मोजणारा: हजेरीपट घेऊन मैदानात जाणारा. आज ५४ आली होती, बाहेर ५३ आहेत, हे सांगणं त्याचं काम.

४. प्रथमोपचार करणारा: पेटी कुठे आहे आणि त्यात काय आहे, हे माहीत असलेला.

५. फोन आणि फाटक सांभाळणारा: मदत मागवणं, पालकांशी बोलणं आणि मूल कोणाच्या ताब्यात दिलं ते लिहून ठेवणं.

त्याशिवाय गॅस आणि विजेचं मेन स्विच. गॅस बंद करायची जबाबदारी स्वयंपाकी-मदतनीस ताईंची, कारण चुलीपाशी त्याच असतात. गंमत अशी, की बऱ्याच योजनांमध्ये शिक्षकांची नावं असतात, पण खिचडी करणाऱ्या ताईंचं नाव नसतं. आणि एक लक्षात घ्या: गॅसचा वास येत असेल तर विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. ठिणगी पडायला तेवढं पुरतं. म्हणून शाळेत हाताने वाजवायची घंटा असलेली बरी.

पण आमच्या शाळेत दोनच शिक्षक आहेत!

हा खरा पेच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. त्यातले एक मीटिंगला गेले की उरल्या एकट्या बाई. कागदावर सहा समित्या, प्रत्येकीत पाच-पाच जण. हे गणित जुळत नाही, म्हणून एकच नाव सहा ठिकाणी लिहिलं जातं.

याला उपाय दोन. पहिला, कामांचा क्रम लावणं. एकटा माणूस असेल तर आधी मुलांना बाहेर काढणं, मग मोजणं, मग फोन. बाकी सगळं नंतर.

दुसरा, शाळेबाहेरची माणसं योजनेत आणणं. शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका, शाळा व्यवस्थापन समितीतले जवळ राहणारे पालक, पोलीस पाटील, समोरचा दुकानदार. प्रत्येक कामापुढे एक नाव नको, तीन हवीत: पहिला, तो नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. सुरुवातीच्या प्रसंगात मुख्याध्यापक मीटिंगला गेले, की बाई आपोआप प्रमुख होतात. कोणाला विचारत बसायची गरज नाही. आणि घंटा ऐकली की समोरचा दुकानदार फाटकावर येऊन उभा राहतो, कारण ते त्याच्यासोबत आधी बोलून ठरलेलं असतं.

बाहेर, आत की वर?

आग किंवा गॅस असेल तर बाहेर. भूकंपात आधी बाकाखाली, हादरे थांबले की बाहेर. बिबट्या किंवा बाहेर मारामारी असेल तर आत, दारं-खिडक्या बंद. पूर असेल तर उंचावर. सगळ्यासाठी एकच घंटा वाजली, तर बिबट्या दिसला असताना मुलं मैदानात येतील! म्हणून बाहेर जाण्याची आणि आत थांबण्याची खूण वेगळी हवी. चार वर्गांच्या शाळेला लांब घंटा आणि तुटक घंटा एवढंसुद्धा पुरतं.

आणि 'उंचावर' म्हणजे कुठे, हे नाव घालून लिहावं लागतं. याची किंमत जपानने मोजली आहे. ११ मार्च २०११, इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा. भूकंपानंतर मुलं शिक्षकांसोबत नीट मैदानात जमली. शाळेमागेच डोंगर होता. त्सुनामीचं पाणी पोहोचायला जवळपास पन्नास मिनिटं होती. पण शाळेच्या योजनेत जागा लिहिली होती ती 'जवळची मोकळी जागा, बाग वगैरे' अशी. नक्की कुठे जायचं, हा निर्णय होईपर्यंत वेळ गेला. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने ठपका ठेवला तो त्या पन्नास मिनिटांच्या आधीच्या तयारीवर. शाळेची योजना अपुरी होती आणि शहराच्या शिक्षण विभागाने ती तपासून दुरुस्त करून घेतली नाही. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला.

आपल्या केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कामाचा अर्थ इथे कळतो. शाळांकडून योजनेची फाइल जमा करून घेणं हे एक काम झालं. ती उघडून 'वगैरे' कुठे लिहिलंय ते शोधणं आणि परत पाठवणं, हे दुसरं.

त्याच दिवशी कामाइशी शहरातली मोठी मुलं मात्र प्राथमिकच्या मुलांचे हात धरून ठरलेल्या जागी पोहोचली. ती जागाही धोक्याची वाटली, तशी ती आणखी वर गेली आणि वाचली. त्यांचा याआधी अनेकदा सराव झाला होता.

सराव, आणि तुमचा-आमचा वाटा

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार हा कायदा लागू असलेल्या इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याच दोन महिन्यांत शाळेनेही सराव घेतला तर तारीख वेगळी लक्षात ठेवायला नको. सरावात दोनच गोष्टी लिहायच्या: शेवटचं मूल बाहेर यायला किती वेळ लागला आणि मोजणी जुळली का. एकदा तरी मुख्याध्यापकांना मुद्दाम बाजूला बसवून सराव घ्यावा. योजना खरी आहे की नुसती फाइल, ते तेव्हा समजतं.

आता आपण. आपल्यापैकी बरेच जण कोणाचे तरी दादा-ताई, मामा-मावशी आहोत, आणि शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप घरात आपल्याच फोनवर असतो. काही झालं की पहिल्या दहा मिनिटांत तिथे चार व्हिडिओ येतात, त्यातले दोन भलत्याच गावचे. मग पन्नास गाड्या फाटकासमोर, आणि ॲम्ब्युलन्स त्यांच्या मागे अडकलेली. म्हणून शाळेकडून एकच अधिकृत मेसेज एकाच नंबरवरून यावा आणि मूल फाटकाऐवजी ठरलेल्या जागी, ओळख पटवून, सही घेऊन ताब्यात मिळावं, हे आधी ठरवून घ्या. 'मी शेजारी आहे, नेतो घरी' असं म्हणून कोणी मूल नेलं आणि कुठे लिहिलं नाही, तर मोजणारा माणूस ते मूल आत अडकलंय असं समजून शोधत राहील.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा पाच प्रश्न विचारा. मुख्याध्यापक नसतील तर प्रमुख कोण? मुलं जमायची जागा कोणती, आणि तिथे पाणी आलं तर दुसरी कोणती? गॅस कोण बंद करणार? मूल ताब्यात देताना नोंद कोण करणार? शेवटचा सराव कधी झाला?

हे विचारताना बाईंची परीक्षा घेतोय असा सूर नको. त्यांच्याकडे आधीच पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि दोन-तीन इयत्ता एकत्र असतात. त्यापेक्षा तुमचं घर शाळेजवळ असेल तर यादीतलं दुसरं किंवा तिसरं नाव म्हणून स्वतःचा नंबर देऊन या.