‘दम’ : दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचा श्वास आणि संयम

मराठीत ‘दम’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द नांदत आहेत. पहिला फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ श्वास; ‘दम लागणे’, ‘दम टिकणे’ हे प्रयोग त्याचे. दुसरा संस्कृत, ‘शम-दम’ या जोडीतील. त्याचा अर्थ निग्रह. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचा संबंध नाही. परंतु ‘दम धरणे’ या प्रयोगात श्वासवाचक शब्दच संयमाच्या अर्थापर्यंत पोहोचला आहे. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूची जडणघडण नेमकी याच मार्गाने होते.

सर्वसामान्य समजूत अशी, की अशा धावपटूचे मनोबल म्हणजे वेदना सोसण्याची जिद्द. हे अर्धसत्य होय. १९७७ मध्ये मॉर्गन व पोलॉक यांनी अव्वल मॅरेथॉनपटूंचा अभ्यास केला, तेव्हा सामान्य धावपटू शिणाकडून मन अन्यत्र वळवतात, तर अव्वल धावपटू श्वास व स्नायूंवरील ताण यांकडे लक्ष ठेवून त्यानुसार वेग बेततात, असे त्यांना आढळले. पुढील संशोधनाने ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचे दाखवले. श्वासावर हेतुपुरस्सर लक्ष खिळवून ठेवल्यास त्याच वेगाला अधिक प्राणवायू खर्ची पडतो, असेही प्रयोगांत दिसून आले. तात्पर्य, शरीराची खूण ओळखता आली पाहिजे, पण ती ओळख अंगवळणी पडलेली हवी. बोलणारा जसा दर वाक्याला व्याकरण आठवत बसत नाही, तद्वत.

ही ओळख सरावाने येते. अव्वल धावपटूंच्या सरावाचा फार मोठा भाग मंद गतीचा असतो. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता यावे, ही त्या गतीची सोपी कसोटी. अशा धावण्याने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते व पेशींची ऊर्जानिर्मितीची क्षमता वाढते. वेगाचे कठोर पाठ थोडे आणि त्यांच्यामध्ये विश्रांती, असा क्रम असतो. नवशिक्याला अवघड जाते ते हे हळू धावणेच. कारण त्यात दमछाक होत नसल्याने मेहनत झाल्यासारखी वाटत नाही.

डोंगरवाटेवर हा नियम अधिक स्पष्ट होतो. वेल्ह्याहून पासलीमार्गे केळद व मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या चढउताराच्या वाटेवर घड्याळातील वेग फसवा ठरतो. सपाटीवरचा वेग चढावर राखू पाहणारा माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच थकतो. श्वास सारखा ठेवून वेग कमी होऊ देणारा पुढच्या उतारासाठी शिल्लक राखतो. मॅरेथॉनमध्ये हा हिशेब साधारणतः तिसाव्या किलोमीटरनंतर चुकता करावा लागतो. स्नायूंतील शर्करेचा साठा तेव्हा संपत आलेला असतो, आणि आरंभीच्या उतावळेपणाची भरपाई कोणतीही जिद्द करू शकत नाही.

महाराष्ट्राला या परंपरेचा जुना वारसा आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठविण्यास पुढाकार घेतला. त्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाण्यावरील उड्या असतात. श्वास बिघडला की पावलांचा अंदाज बिघडतो, आणि प्रत्येक अडथळ्यापाशी त्याची किंमत मोजावी लागते.

पोलीस वा सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या ग्रामीण तरुणांच्या दृष्टीने हा विचार केवळ तात्त्विक नाही. ‘छाती फुटेस्तोवर धाव’ हाच उपदेश रोज पाळणाऱ्याच्या पायाची हाडे व स्नायू सावरण्यापूर्वीच पुन्हा ताणले जातात, आणि दुखापत झाली की भरतीची संधीही हातची जाते. त्याला आधी दम धरायला शिकवावे. दम टिकणे हे त्याचेच फळ होय.