विंडसर्फिंगचं शीड वरून सैल का ठेवतात?

विंडसर्फिंगचा व्हिडिओ पाहताना एक गोष्ट खटकते. शीड खालून ताठ असतं, पण वरच्या बाजूची मागची कड मात्र सैल असते. शीड नीट बांधलेलं नाही, असंच वाटतं. प्रत्यक्षात ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

शिडाच्या होडीची डोलकाठी बहुधा तारांनी किंवा दोरांनी जखडलेली असते. विंडसर्फिंगचं तसं नाही. जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत ज्या बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात डोलकाठी सगळ्या दिशांना कलणाऱ्या सांध्यावर उभी होती. तिला सावरायचं ते खेळाडूनंच. त्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक झोत थेट त्याच्या अंगावर येतो.

सुरुवातीची शिडं डेक्रॉन कापडाची होती. वारा वाढला की त्यांचा फुगवटा मागे सरकायचा, मागच्या हातावर ओढ यायची आणि तोल जायचा. पुढे शिडात आडव्या लांब पट्ट्या आल्या, कापडाच्या जागी कमी ताणली जाणारी पारदर्शक फिल्म आली. फुगवटा जागेवर राहू लागला.

पण जादा वाऱ्याचं काय करायचं? त्यासाठी शिडाचं खालचं टोक दोरी आणि पुलीनं जोरात खाली ओढतात. त्यामुळे डोलकाठीचं वरचं टोक मागे वाकतं आणि वरची कड सैल पडते. जोराचा झोत आला की हा भाग उघडतो आणि जादा वारा निसटून जातो. झोत ओसरला की डोलकाठी पुन्हा मूळ जागी येते. कार्बन फायबरची डोलकाठी हलकी असल्यानं हे काम चटकन करते.

म्हणून शीड आणि डोलकाठी यांची जोडी जुळावी लागते. डोलकाठी दोन्ही टोकांना टेकवून मधोमध ३० किलो वजन टांगतात. ती किती वाकते, त्यावरून ताठपणाचा आयएमसीएस क्रमांक ठरतो. ४६० सेंटीमीटर डोलकाठीसाठी तो साधारण २५ असतो. मात्र क्रमांक सारखा असला, तरी एखादी डोलकाठी टोकाला जास्त वाकते, तर दुसरी सगळीकडे सारखी.

जोडी चुकली तर महागडं शीडही हाताला जड लागतं. जुनं सामान घेताना म्हणूनच किमतीआधी शिडावर छापलेली डोलकाठीची लांबी आणि क्रमांक पाहावा.