अंगुलिवादन, गिटारचे

अंगुलिवादन, गिटारचे : नखीने तारा न छेडता उजव्या हाताच्या बोटांनीच गिटार वाजविण्याची पद्धती. सामान्यतः अंगठा खर्जाच्या तारांवर आणि तर्जनी, मध्यमा व अनामिका ही बोटे वरच्या स्वरांच्या तारांवर चालतात. त्यामुळे एकच वादक आधारस्वर व सुरावट एकाच वेळी वाजवू शकतो.

तार नखाने छेडावी की बोटाच्या मांसल टोकाने, हा स्पेनमधील जुना वाद होय. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखांच्या विरुद्ध, तर त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) नखांचा पुरस्कर्ता होता. तरीही सोरने या दोघांसाठी म्हणून एक द्विवादन रचले. पुढे आंद्रेस सेगोव्हियाने (१८९३–१९८७) नख व मांस यांचा संयुक्त आघात रूढ केला. फ्लामेंकोत मात्र बोटे एकामागून एक बाहेर उलगडून नखांच्या पाठीने तारांवर जोरकस आघात करतात.

हवाईमध्ये काही तारा सैल करून मोकळ्या तारांतूनच स्वरसंघात साधतात. काँगोतील झां-बोस्को म्वेंडा (१९३०–९०) केवळ अंगठा व तर्जनी यांवर वाजवी. अमेरिकेतील मिसिसिपी जॉन हर्ट (मृ. १९६६) याचा अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने पडून ताल धरी. अंगठ्याकडे खर्ज ही वाटणी अटळ मात्र नाही. नॉर्थ कॅरोलायनाची डावखुरी एलिझाबेथ कॉटन (मृ. १९८७) तारांचा क्रम न बदलता गिटार उलटी धरी, साहजिकच तिची बोटे खर्ज वाजवीत आणि अंगठा सुरावट.