एक नंबरचा इंटरप्ट
लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात 'प्रॉक' या फोल्डरमध्ये 'इंटरप्ट्स' नावाची एक फाइल असते. डिस्कवर ती कुठेच साठवलेली नसते; कुणी वाचायला घेतली की लिनक्सचा गाभा असलेला कर्नल ती तेव्हाच्या तेव्हा तयार करून देतो. डावीकडे नंबर, मग प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा रकाना, शेवटी उपकरणाचं नाव. बऱ्याच लॅपटॉपवर १ नंबरच्या ओळीत 'आय८०४२' दिसतं. तो कीबोर्ड. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचं लक्ष वेधायला दिलेली हाक. एखादं अक्षर दाबून सोडलं की त्या ओळीतली बेरीज दोनाने वाढते: एक इंटरप्ट बटण दाबल्याचा, दुसरा सोडल्याचा.

हा १ नंबर १९८१ सालचा आहे. आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीत इंटेलची ८२५९ए ही इंटरप्ट सांभाळणारी चिप बसवली. तिला आठ तारा होत्या. ० वर सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देणारं घड्याळ, १ वर कीबोर्ड, ६ वर फ्लॉपी. नंबर जितका लहान, तितका मान मोठा. १९८४च्या पीसी एटीला आठ तारा पुरेनात, तेव्हा दुसरी चिप आणून ती पहिलीच्या २ नंबरच्या तारेला जोडली. परिणामी ८ ते १५ हे नंबर मानाने ३ ते ७च्या पुढे जाऊन बसले.

खरी गोची पुढेच होती. तारेचा नंबर वेगळा आणि प्रोसेसरच्या हाती पडणारा नंबर, म्हणजे व्हेक्टर, वेगळा. व्हेक्टर एकूण २५६. त्यातले पहिले ३२ इंटेलने स्वतःसाठी राखून ठेवले होते, शून्याने भागण्यासारख्या चुका कळवायला. आयबीएमच्या बायोसने मात्र उपकरणं थेट ८ ते १५ या जागांवर बसवली. पहिल्या पीसीतल्या ८०८८ला त्या जागा लागत नव्हत्या, म्हणून निभावलं. नंतरच्या ८०२८६ प्रोसेसरने ८ नंबर 'डबल फॉल्ट'ला दिला, म्हणजे एक चूक निस्तरतानाच दुसरी उपटली तर. आता ८ आला, तर तो घड्याळाचा साधा ठोका की डबल फॉल्ट, हे कर्नलने ओळखायचं कसं? म्हणून कर्नल सुरू होतानाच ८२५९ला नवे नंबर पढवावे लागतात. लिनस टोरवाल्ड्स यांच्या १९९१च्या पहिल्यावहिल्या लिनक्समध्येही हे काम बूटच्या कोडमध्येच उरकलं आहे: उपकरणं ३२पासून पुढे.

तार आणि व्हेक्टर यांची अशी फारकत झाली, ती पुढे फार उपयोगी पडली. आजच्या पीसीतल्या बहुतेक उपकरणांना इंटरप्टची तारच नसते. एमएसआय पद्धतीत उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक संख्या लिहितं, आणि ते लिहिणं हाच इंटरप्ट. एमएसआय-एक्समध्ये एकाच उपकरणाला असे २०४८ इंटरप्ट मिळू शकतात. मोबाइलमधल्या एआरएम चिपचा हिशेब आणखी निराळा: ० ते १५ कोअरांनी एकमेकांना द्यायचे, १६ ते ३१ ज्याच्या त्याच्या कोअरचे खासगी, ३२पासून सामाईक उपकरणांचे. या सगळ्यावर लिनक्स आपला स्वतःचा नंबर चढवतो आणि उपकरण चालवणाऱ्या ड्रायव्हरला तेवढाच दाखवतो. म्हणून खालची यंत्रणा पार बदलूनही कीबोर्डचा १ टिकला.

तारा होत्या तेव्हा, पीसीआय जोडणीच्या काळात, एका तारेवर अनेक उपकरणं आली. चाळीत सगळ्यांना मिळून एकच फोन असावा, तसं. कर्नल त्या तारेवरच्या ड्रायव्हरना विचारत जातो: हा तुझा का? कुणीच हो म्हटलं नाही तर त्याची नोंद होते. त्या तारेवरच्या एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९००हून अधिक बेवारस निघाले, की कर्नल लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' असा संदेश टाकतो आणि ती तार बंद करतो. बिघडलेलं एक उपकरण सबंध संगणकाला वेठीस धरू शकतं, हे जाणून लिहिलेला हा कोड मोठ्या शहाणपणाचा आहे. त्या तारेवरचं दुसरं निरोगी उपकरणही त्यात लंगडं पडतं. पण निदान लॉग वाचायला संगणक जागेवर राहतो.

इंटरप्ट खरेखुरे असले, तरी त्यांचा पूर येतोच. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६मध्ये 'रिसीव्ह लाइव्हलॉक'वर निबंध मांडला: नेटवर्कवरून पाकिटं इतक्या वेगाने येतात की प्रोसेसर नुसता इंटरप्ट घेत राहतो आणि एकही पाकीट प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. दहा गिगाबिटच्या जोडणीवर सर्वांत लहान पाकिटं सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख येऊ शकतात. लिनक्सच्या 'नापी' यंत्रणेत पहिलं पाकीट इंटरप्ट देतं. त्यानंतर कर्नल त्या रांगेचा इंटरप्ट बंद करतो आणि पाकिटं आपणहून, ठरावीक संख्येच्या घासांनी उचलतो. रांग रिकामी झाली, की इंटरप्ट पुन्हा चालू.