साइट उघडत नाही? आधी कारण शोधा, मग जाब विचारा!

नांदगावकरांनो, ऐन गरजेला सातबाऱ्याची साइट अडकली की 'मुद्दाम बंद ठेवलीय' अशी चर्चा सुरू होते. आधी एवढं तपासा:

🔹 अनेक सरकारी साइट परदेशी आयपी पत्ते अडवतात. व्हीपीएन चालू असेल, तर नांदगावात बसूनही तुम्ही परदेशी ठरू शकता. ते बंद करा.

🔹 पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा आहे ना, ते बघा. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटही असतात.

🔹 सायबर हल्ला झाल्यास 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवणं २०२२च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. पण जनतेला सांगण्याची सक्ती त्यात नाही. संशय वाढतो तो इथेच.

तरीही शंका उरली? माहिती अधिकार कायदा २००५ आहे. अर्ज १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. पासवर्ड किंवा सर्व्हरची रचना मागू नका. सुरक्षेचं कारण देऊन नकार येईल. साइट कधी बंद होती, का होती, देखभालीवर किती खर्च झाला, हे मागा. तो आपला हक्क आहे!

#माहितीअधिकार #नांदगाव