घटनेनं आपल्यासाठी कोणती व्यवस्था निवडली?

‘आपली घटना समाजवादी आहे,’ असं एकानं म्हटलं की ‘तो शब्द आणीबाणीत घुसडलाय,’ असं दुसरा ऐकवतो. माणसाला नीट जगता यावं यासाठी कोणती व्यवस्था हवी, हा मूळ प्रश्न मग बाजूलाच राहतो. खरं तर दोघंही अर्धंच बोलत असतात.

गैरसमज : समाजवाद घटनेत १९७६ साली आला.

शब्द तेव्हा आला, ४२व्या दुरुस्तीनं. आशय मात्र १९५० पासूनच तिथं आहे. संपत्ती मूठभरांच्या हाती साठू नये, समान कामाला समान वेतन मिळावं, हे कलम ३९ मध्ये आहे. कलम ४३ तर पगारावर थांबतच नाही. कामगाराला फुरसत मिळावी, सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा, असंही म्हणतं. या मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येत नाही, हे खरं. तरी पोटापलीकडच्या जगण्याची दखल घेणारं हे कलम वादात कुणीच काढत नाही, याचं नवल वाटतं.

गैरसमज : बाबासाहेबांनी समाजवाद नाकारला.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. तेवढंच वाक्य आज फिरत असतं. त्यांची कारणं फिरत नाहीत. समाजाची घडी कशी असावी हे लोकांनी काळ आणि परिस्थिती पाहून स्वतः ठरवायचं. घटनेतच ते बांधून टाकलं तर लोकशाहीचाच घात होईल, हे पहिलं कारण. आज बहुसंख्यांना भांडवलशाहीपेक्षा समाजवाद बरा वाटेल, पण उद्या विचारी माणसं त्याहून चांगलं काही शोधून काढतील, त्यांचे हात का बांधायचे? दुसरं कारण असं की, समाजवादी दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहे, त्यामुळे दुरुस्ती अनावश्यक.

याच आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग सरकारी, विमा सरकारी आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा, शेतजमीनही सरकारच्या मालकीची, अशी योजना मांडली होती. वर ती घटनेतच लिहावी, म्हणजे बदलत्या बहुमताला मोडता येणार नाही, असाही आग्रह होता. दोन्ही भूमिकांत अंतर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. १९४७ ची एका पक्षाची मागणी होती. १९४८ ची मसुदा समितीच्या अध्यक्षाची भूमिका होती. दोन्हींत हुकूमशाहीला मात्र जागा नव्हती.

गैरसमज : ‘समाजवादी’ शब्दामुळे खासगी धंद्याला अडसर होतो.

१९९१ चं उदारीकरण झालं तेव्हा शब्द जागेवरच होता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो काढण्याच्या याचिका फेटाळताना, भारतीय अर्थानं तो कल्याणकारी राज्याचा शब्द आहे, खासगी उद्योगावर त्यानं बंधन येत नाही, असं सांगितलं. गंमत वेगळीच आहे. १९८९ पासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते, मग तो पक्ष खुल्या बाजाराचा कितीही पुरस्कर्ता असो. शेतकरी नेते शरद जोशी यांनी राज्यसभेत ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. मला ती अट आजही ढोंगीपणाला आमंत्रण वाटते.

गैरसमज : समाजाच्या भल्यासाठी म्हणून सरकार कुणाचीही मालमत्ता घेऊ शकतं. किंवा, आता घेऊच शकत नाही.

हा वाद मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींतून दिल्लीत गेला. भाडी वर्षानुवर्षं गोठलेली. मालक डागडुजीला हात लावत नाही, भाडेकरूंच्या डोक्यावरचं छत गळतंय. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण ८-अ आलं : सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर इमारत संपादन करून त्यांच्या सोसायटीला देता येईल, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम. ज्या खोलीचं भाडं काही रुपयांतच आहे, तिथं शंभरपट म्हणजे किती, हा हिशेब करून पाहावा. दुसऱ्या बाजूला, पावसाळ्यात भिंतीला गेलेला तडा पाहत झोपणाऱ्यांची बाजूही खोटी नव्हती.

मालकांच्या संघटनेनं दाद मागितली. खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती मानायची का, या त्यातून उभ्या राहिलेल्या तत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलं. बहुमताचं म्हणणं : प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९ (ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ नव्हे, पण काही खासगी मालमत्ता त्यात येऊ शकते. ती वस्तू कसली आहे, दुर्मीळ आहे का, मोजक्या हातांत एकवटली आहे का, समाजाच्या हितावर तिचा काय परिणाम होतो, हे त्या त्या प्रकरणात तपासावं लागेल. घटना एकाच आर्थिक विचारसरणीला जखडलेली नाही, हेही बहुमतानं म्हटलं.

म्हणजे चाळीतल्या चार खोल्यांचा मालक आणि खनिजांच्या खाणींचा मालक यांना आता एकाच मापानं मोजता येणार नाही.